सहा लाल, एक हिरवा

पांढरा

व्हर्ला : हिरवा नाही मिळायचा.

नॉर्बर्ट : समोर काचेच्या कपाटात दिसतोय की एक.

व्हर्ला : दिसतोय, पण तुझ्यासाठी नाही. तू ओढ्याच्या पूर्वेचा. पूर्वेला लाल, पश्चिमेला हिरवा. तीस वर्षं इथे तसंच चाललंय. तुला नवीन सांगतेय का मी?

नॉर्बर्ट : मग पांढरा दाखव.

व्हर्ला : आता पांढरा. मघाशी हिरव्याशिवाय चालणारच नव्हतं. नक्की कशासाठी हवाय?

नॉर्बर्ट : कायोटींसाठी. शिकारीचा दिवा दुसऱ्या कशासाठी असतो? सहा आठवड्यांत मेंढ्या विणार, त्याआधी चारदोन कमी करायच्या आहेत. कोल्हेही आलेत एकदोन, आमच्या डोरीनच्या कोंबड्यांवर. दिवा घ्यायला आलेल्या प्रत्येकाची अशीच उलटतपासणी घेतेस का?

व्हर्ला : प्रत्येक जण कुखेनचा केक घेऊन येत नाही.

नॉर्बर्ट : डोरीनने दिलाय. प्रून घातलाय. गरम आहे अजून.

व्हर्ला : मागच्या वेळी डोरीनचा कुखेन या गल्ल्यावर आला तेव्हा तू माझ्या पेट्रोल पंपाला ट्रेलर घासला होतास. त्याच्या आधी आला तेव्हा तुमचा बोका आमच्या...

आर्डेल : जर्दाळूचा होता तो.

व्हर्ला : ऐकू येतंय म्हणजे. सकाळपासून जेवा जेवा म्हणून ओरडतेय तेव्हा कान बंद होते. बाबा, बियांच्या साली कपात टाका, जमिनीवर नको.

आर्डेल : कपातच टाकतोय.

नॉर्बर्ट : कसे आहात, आर्डेल?

आर्डेल : हातमोजे काढ.

नॉर्बर्ट : हं?

आर्डेल : हातमोजे. आणि ती टोपी. कानावरची.

व्हर्ला : बाबा, काय चाललंय?

आर्डेल : दुकानात टोपी घालून उभं राहत नाहीत. माझ्या दुकानात तरी.

नॉर्बर्ट : हे घ्या. दहा बोटं. दोन कान. सगळं जागेवर आहे, आर्डेल.

आर्डेल : बरं.

व्हर्ला : झालं समाधान? त्यांना थोडा कुखेन कापून देते, म्हणजे तोंड गुंतेल. हा घ्या, बाबा. नुसता बघत बसू नका.

आर्डेल : पांढरा देऊ नकोस त्याला.

व्हर्ला : मी काहीच देत नाहीये त्याला अजून.

आर्डेल : पांढऱ्यात जनावर स्वच्छ दिसतं, आणि जनावरालाही तू स्वच्छ दिसतोस. त्यात बर्फ पडलेलं. बर्फावर पांढरा टाकलास की आधी तुझेच डोळे दिपतात, तोवर कायोटी टेकाडापार. पांढरा कशाला असतो? घोडा दाबायच्या आधी एकदा, खात्री करायला. बस.

नॉर्बर्ट : म्हणून तर हिरवा म्हणत होतो.


लाल

व्हर्ला : हे बघ, मागे फळीवर सहा लाल आहेत. नवीन, मंगळवारीच आलेत. पुढचं कडं फिरवलं की झोत बारीक होतो, मोठा होतो. रायफलवर बसवायची पट्टी सोबत येते. तुझ्या घरी आहे त्याच्या दुप्पट उजेड. त्यातला एक ने.

नॉर्बर्ट : लालमध्ये मला दोनशे यार्डांपुढे काही दिसत नाही. वय झालं. हिरवा माणसाच्या डोळ्याला उजळ पडतो, तूच सांगत असतेस गिऱ्हाइकांना.

व्हर्ला : म्हणून म्हटलं, जास्त उजेडाचा लाल घे.

नॉर्बर्ट : लालमध्ये रक्त दिसत नाही. कोल्ह्याला गोळी लागून तो पळाला तर मी काय हुंगत जाऊ? हिरव्यात रक्त काळं दिसतं, बर्फावर लगेच कळतं.

व्हर्ला : रक्ताचा माग काढायला खिशात साधी बॅटरी असते. सगळ्यांच्या असते, तुझ्याही आहे. आत्ता त्या खिशात आहे.

नॉर्बर्ट : आणि आमच्याकडच्या कायोटी लाल ओळखायला लागल्यात. लाल दिसला की पाठ फिरवतात.

आर्डेल : कायोटीला लाल दिसतच नाही नीट. ती तुझा झोत ओळखते. झोत जमिनीवर आपटत चालतोस तू, बापासारखा. झोत वर धरायचा. खालची फिकट कड तेवढी गवतावरून फिरवायची. डोळे चमकले तरी झोत खाली आणायचा नाही. आधी दोन आहेत का बघायचं. मग जमिनीपासून किती उंच. मग थांबायचं. मिटतात का बघायचं. जनावर डोळे मिटतं. काच मिटत नाही.

व्हर्ला : काच?

आर्डेल : कुखेन चांगला झालाय. डोरीनला सांग.

व्हर्ला : तुम्ही खाल्लाच नाहीये. नॉर्बर्ट, इकडे बघ. तू तीन कारणं दिलीस. खरं असतं तर एकच देऊन गप्प उभा राहिला असतास. शाळेत असल्यापासून ओळखते मी तुला.

नॉर्बर्ट : मग सांग ना, कशाला हवाय मला हिरवा.

व्हर्ला : ते मी सांगते. इथे एका गोष्टीची सगळ्यांना सवय झालीय. एकरनांच्या टेकाडावर लाल दिवा दिसला तर मी शेरीफला फोन करीन, पलीकडचे स्वीनी करतील, खुद्द क्लेटनची आयलीन करील. लाल म्हणजे पूर्वेचा माणूस, तिकडे त्याचं काम काय? पण हिरवा दिसला तर कुणी पडदासुद्धा सारत नाही. हिरवा म्हणजे क्लेटन एकरन, आपल्या मेंढ्या राखतोय. फक्त क्लेटन ऑक्टोबरात गेला, नॉर्बर्ट. तू खांदा दिलास त्याला.

नॉर्बर्ट : दिला.

व्हर्ला : नाताळपासून सहा वेळा त्या टेकाडावर हिरवा दिवा लागलाय. आयलीनने मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. तिला आधी वाटलं आपल्याला भास होतोय. उठून बघितलं तर क्लेटनचा दिवा स्वयंपाकघरात खुंटीवर होता, बॅटरी काढलेली. मग वर कोण होतं? हिरवे दिवे मी कुणाकुणाला विकलेत ते मला पाठ आहे. क्लेटनचा एक. त्याच्या चुलतभावांचे दोन, ते विकूनटाकून अ‍ॅरिझोनाला गेले. आणि एक बाबांचा. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून मागे खोक्यात पडलाय, आठ वर्षं. झाले चार. पाचवा हा कपाटातला.

नॉर्बर्ट : म्हणजे मी नाही. माझ्याकडे असता तर मागायला कशाला आलो असतो?

व्हर्ला : लाल दिव्यावर हिरवी काच बसवायला कितीसा वेळ लागतो. ती फुटली असेल.

नॉर्बर्ट : आणि तिथे जाऊन मी काय करणार?

व्हर्ला : तिचं कुरण तुझ्या कुंपणाला लागून आहे. तिनं मेंढ्या विकल्या तर ते कोण भाड्याने घेणार? क्लेटनला पुरून आलो, चर्चच्या तळघरात सगळे जेवत होतो, तुझ्या हातात हॅमचं सँडविच होतं, आणि तू तिला कुरणाचं विचारत होतास. मी कॉफी वाढत होते. मागेच होते.

नॉर्बर्ट : विषय तिनं काढला. म्हणाली, लग्न झाल्यापासून मी टेकाडावर हिरवा उजेड बघून झोपत आलेय, आता तिथे काळोख असणार. मी म्हटलं, जड झालं तर कुरण आम्ही सांभाळू. मूर्खासारखं बोललो. डोरीन गाडीत हेच म्हणाली.

व्हर्ला : बरं. आणि गुरुवारी तिथे गोळी सुटली ती?

नॉर्बर्ट : कुठली गोळी?

व्हर्ला : एकच. आयलीनने ऐकली. सकाळी तिनं मेंढ्या मोजल्या, सगळ्या होत्या. राखणीचा कुत्राही दारात. मेलेली कायोटी नाही, रक्त नाही, काही नाही. मग गोळी झाडली कशावर? आणि गुरुवारपासून दिवा बंद.

आर्डेल : कॉफी संपली.

व्हर्ला : भांडं भरलेलं आहे, बाबा. तुमच्या कोपराशी.

आर्डेल : थंड झाली.

नॉर्बर्ट : नियम कशामुळे झाला ते मला माहीत आहे, व्हर्ला. अर्ध्या कानाच्या बापाने वाढवलंय मला.

व्हर्ला : मी तो विषय काढत नव्हते.

आर्डेल : का नाही काढायचा? माझ्यासमोरच काढा. तुझा बाप तिकडून सशाची शिट्टी वाजवत होता, मी इकडून. ससा जखमी होऊन ओरडतो तशी, कायोटीला फसवायला. रात्र अंधारी. दोघांनाही वाटलं, खरंच ससा ओरडतोय, त्याच्यावर कायोटी येणार. दोघंही एकमेकांच्या सशाकडे चाललो होतो. मग माझ्या झोतात त्याचा चष्मा चमकला. मला दिसले दोन डोळे.

नॉर्बर्ट : आर्डेल, राहू द्या.

आर्डेल : चार बोटं उजवीकडे लागली असती तर तुझ्या आईने मला काय केलं असतं कोण जाणे. पुढच्या शनिवारी तुझा बाप आला, डोक्याला हा एवढा पट्टा गुंडाळलेला. इथेच उभा राहिला, तू आहेस तिथे. मला वाटलं, मारणार. म्हणाला, आर्डेल, मला असा दिवा दे की तुला कळेल, तो मी आहे. मी म्हटलं, लाल घे. त्याच दिवशी मी आणि क्लेटनने हिरवा घेतला. आणि ठरवलं, टेकाडावर आधी दिवा दिसला, कुठल्याही रंगाचा, तर वर जायचं नाही. पुलावरूनच गाडी वळवायची. मी कधी मोडलं नाही ते. एकदाही.

व्हर्ला : थांबा, फोन.


फोन

व्हर्ला : टोस्टनरूडांचं दुकान. हं, आयलीन. बोल.

आयलीन : — — —

व्हर्ला : आहे एक जण दुकानात. श्लेंकरांचा नॉर्बर्ट. आणि बाबा. नाही, बोल तू.

आयलीन : — — — — —

व्हर्ला : कधी? काल? गोठ्याच्या दारापर्यंत?

आयलीन : —

व्हर्ला : विणायला झालेली होती का ती?

आयलीन : — —

व्हर्ला : अगं, कुत्रा एकटा किती ठिकाणी धावणार. तीन असतील तर एक त्याला खेळवत नेते, दुसऱ्या दोघी... हो. हो गं.

आयलीन : — — — —

व्हर्ला : सोमवारी? ये म्हणून सांगितलंस त्याला? सगळ्याच?

आयलीन : —

व्हर्ला : नाही, मी कोण तुला अडवणार. मी फक्त विचारलं.

आयलीन : — — — — — —

व्हर्ला : नाही. कुणाला विकला नाही. कपाटात आहे तसा आहे.

आयलीन : — — —

व्हर्ला : भीती नाही वाटत तुला? रात्री कुणीतरी वर येऊन बसतं, नाव नाही, गाव नाही.

आयलीन : — — — — — — —

व्हर्ला : बरं.

आयलीन : —

व्हर्ला : नाही शोधत. बरं म्हटलं ना. दाराला कडी घाल. ठेवते.


हिरवा

नॉर्बर्ट : काय झालं?

व्हर्ला : काल रात्री कायोटी गोठ्याच्या दारापर्यंत आल्या. एक मेंढी गेली, पोटात दोन कोकरं असलेली. सोमवारी बाजारातला माणूस येतोय, पूर्ण कळप बघायला. भाव जमला तर त्याच दिवशी ट्रकमध्ये चढवणार.

नॉर्बर्ट : सगळ्या विकणार?

व्हर्ला : सगळ्या. म्हणाली, ज्या सहा रात्री दिवा लागला त्या सहाही रात्री एकही मेंढी गेली नाही, आणि मलाही झोप लागली. गुरुवारी तो मध्येच विझला, काल तर टेकाड काळंच होतं. आज आणि उद्या बघते, नाहीतर माझ्याच्याने होणार नाही.

नॉर्बर्ट : आणि कोण आहे ते?

व्हर्ला : शोधू नकोस म्हणाली. ओळखीचा निघाला तर आभार मानावे लागतील, अनोळखी निघाला तर दार लावावं लागेल. तिला दोन्ही नको.

आर्डेल : असं म्हणाली?

व्हर्ला : असं म्हणाली. नॉर्बर्ट, मला मात्र शोधायचंय. दिवा लावून बसणं वेगळं आणि गोळी झाडणं वेगळं. बाई त्या कुरणात पहाटे एकटी फिरते. सरळ विचारते. गुरुवारी रात्री तू कुठे होतास?

नॉर्बर्ट : कुंपणापाशी.

व्हर्ला : कुठल्या?

नॉर्बर्ट : एकरनांच्या. माझ्या बाजूने.

व्हर्ला : म्हणजे होतास.

नॉर्बर्ट : होतो.

व्हर्ला : मग गोळी? बोल ना. सारखं बाबांकडे काय बघतोयस? ते काय शेरीफ आहेत? बाबा, तुम्ही जरा आत जा आणि लालमधला एक घेऊन या. हा लालच घेऊन जाईल किंवा हात हलवत जाईल. कडं फिरतं तो आणा.

आर्डेल : मला इथे बसायचंय.

व्हर्ला : मला माहीत आहे. जा.

(आर्डेल काठी घेऊन मागच्या खोलीत जातो. दार उघडंच राहतं.)

नॉर्बर्ट : हळू बोल.

व्हर्ला : त्यांना नाही ऐकू येत.

नॉर्बर्ट : जर्दाळू ऐकू आला होता.

व्हर्ला : बोल आता.

नॉर्बर्ट : मलाही तोच संशय आला जो तुला आला. क्लेटन गेला, तर हिरवा कुणाचा? मला वाटलं, बाहेरचं कुणीतरी असेल. रॅपिड सिटीकडून ती पोरं येतात ना कायोटी मारायच्या शर्यतीला, कुठल्याही कुरणात घुसतात. म्हणून गुरुवारी उजेड दिसला तसा निघालो. दिवा न लावता. कुंपणाच्या तारेला हात लावत लावत वर चढलो, म्हणजे त्याला कळायला नको.

व्हर्ला : दिवा न लावता. तू. त्या टेकाडावर.

नॉर्बर्ट : चुकलंच. बाप जिवंत असता तर त्याने माझाही कान उपटला असता.

आर्डेल : व्हर्ला, कुठल्या फळीवर?

व्हर्ला : खालच्या, बाबा. बॅटऱ्यांच्या शेजारी. हं, पुढे.

नॉर्बर्ट : झोत फिरत होता. वर धरलेला, नुसती कड गवतावरून. इतका सफाईदार की मी बघतच राहिलो. मग तो माझ्यावर येऊन थांबला. मी पण थांबलो. मला वाटलं ओरडावं, पण थंडीने तोंड उघडेना. चष्म्यावर दव गोठलेलं. आणि...

व्हर्ला : आणि?

नॉर्बर्ट : माझ्या शेजारच्या खांबाची ढलपी उडाली. ही एवढी. जाऊन बघ, अजून पांढरी आहे आत.

व्हर्ला : देवा. कोण होता तो?

आर्डेल : इथे तर सगळ्या बॅटऱ्याच आहेत.

व्हर्ला : त्याच्या खाली, बाबा! नॉर्बर्ट, कोण होता?

नॉर्बर्ट : मी आडवा पडलो बर्फात. वरून कुणी खोकलं. मग दिवा गेला. पिकअप सुरू झाली, तीनदा खाकरून. मागचा उजवा दिवा नव्हता तिला. डावा तेवढा लाल दिसत गेला, पुलापर्यंत.

व्हर्ला : उजवा...

नॉर्बर्ट : हो.

व्हर्ला : आमच्या पिकअपचा उजवा फुटलाय. नोव्हेंबरपासून.

नॉर्बर्ट : माहीत आहे.

व्हर्ला : नाही. चावी माझ्याकडे असते. उशाखाली. डॉक्टरांनी बाबांची गाडी बंद केली तेव्हापासून उशाखाली.

नॉर्बर्ट : दुसरी असेल.

व्हर्ला : ती हरवली. तीन वर्षांपूर्वी... ते म्हणाले हरवली. आणि गाडीतलं पेट्रोल कमी होत होतं, मी मनातल्या मनात गावातल्या निम्म्या लोकांना चोर ठरवलं. मी झोपेची गोळी घेते, नॉर्बर्ट, दहाला. घरावरून ट्रेन गेली तरी कळत नाही मला.

नॉर्बर्ट : त्या दिवशी जेवताना आयलीन बोलली ना, काळोखाचं. आर्डेल तिच्या बाजूलाच बसले होते.

व्हर्ला : चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत ते. त्यांना कॉफीचा कप दिसत नाही धड.

नॉर्बर्ट : कप नाही दिसत. चमकलेलं दिसतं.

व्हर्ला : तू तेव्हाच ओरडला का नाहीस? दुसऱ्या दिवशी का नाही आलास?

नॉर्बर्ट : येऊन काय सांगू? की तुझ्या सासऱ्याने दुसऱ्या श्लेंकरवर गोळी झाडली? तू बंदूक काढून घेतली असतीस, आणि घ्यायलाच हवी, ते मी नाही म्हणत नाही. पण मग त्यांना कळलं असतं की तिथे मी होतो. तीस वर्षं आमच्याकडे दर नाताळला हॅम पाठवतात ते. बाप गेला तरी पाठवतात. त्यांनी परत तेच केलं, हे या वयात त्यांना कशाला कळायला हवं?

व्हर्ला : त्यांना काहीतरी कळलंय. गुरुवारपासून अन्नाला शिवत नाहीयेत. मला वाटलं, दात दुखतोय. काल सकाळी पेपर उघडून मृत्यूच्या बातम्या वाचत होते. भिंग लावून, एकेक नाव.

नॉर्बर्ट : म्हणून कुखेन.

व्हर्ला : काय?

नॉर्बर्ट : दुकानात यायला काहीतरी निमित्त हवं होतं. त्यांना दिसावं की मी दोन पायांवर आहे.

व्हर्ला : हातमोजे काढ म्हणाले तुला. टोपी काढ म्हणाले.

नॉर्बर्ट : हो.

व्हर्ला : आणि मी तुला कुरणाचा चोर म्हणतेय. इतका वेळ.

नॉर्बर्ट : तुझं काम आहे ते. मला हिरवा यासाठी हवाय. आज मी आधी वर जाऊन बसतो. ते निघालेच, तर पुलावरून त्यांना टेकाडावर दिवा दिसेल. आणि गाडी वळवतील. नियम त्यांचाच आहे, ते मोडणार नाहीत. आयलीनलाही दिवा दिसेल. कायोटीही बघतील. लाल घेऊन बसलो तर आयलीन शेरीफला फोन करील आणि सोमवारी त्या माणसाला कळप देऊन टाकील.

व्हर्ला : रोज बसणार?

नॉर्बर्ट : मेंढ्या विईपर्यंत. एक रात्र मी, एक रात्र डोरीन. ती म्हणाली, मी लोकरीचं विणकाम घेऊन बसेन.

व्हर्ला : आणि कुणाला सांगणार नाहीस.

नॉर्बर्ट : तू सांगू नकोस म्हणजे झालं.

व्हर्ला : थांब. आत आवाज नाहीये.

नॉर्बर्ट : केव्हापासून?

व्हर्ला : बाबा? सापडला का? बाबा?

आर्डेल : आलो. ओरडू नकोस.

व्हर्ला : एवढा वेळ लागला.

आर्डेल : लाल संपलेत.

व्हर्ला : सहा आहेत. मंगळवारी मीच लावले फळीवर.

आर्डेल : मी म्हणतोय ना, संपलेत. हा होता, हा आणला.

व्हर्ला : हा हिरवा... याला खोकं नाही.

आर्डेल : खोक्याचं काय करायचंय त्याला? दिवा लावायचाय.

नॉर्बर्ट : चिखल आहे याच्यावर, आर्डेल.

आर्डेल : पुसून घे. बॅटरी पूर्ण भरलेली आहे. एरवी तीन तास, या थंडीत दोन. दुसरी कोटाच्या आत, अंगाशी ठेवायची, म्हणजे मरत नाही. कळ अडकते. जोर करू नकोस, जरा डावीकडे दाबून मग वर.

नॉर्बर्ट : डावीकडे, मग वर.

व्हर्ला : याचे किती लावू?

आर्डेल : कुखेन आणलाय की त्यानं. आणि हे तुझ्या ड्रॉवरमध्ये टाक.

व्हर्ला : गाडीची चावी माझ्याकडे आहे, बाबा.

आर्डेल : आता दोन्ही तुझ्याकडे.

व्हर्ला : कुठे होती ही?

आर्डेल : बियांच्या डब्यात. रायफल मागच्या दाराआड आहे, मोकळी केलीय. तीही वर नेऊन ठेव. मला तो कुखेन दे इकडे. मोठा काप.

व्हर्ला : देते.

नॉर्बर्ट : मी निघतो मग. अंधार पडायच्या आत चढायला हवं.

आर्डेल : वर चढलास की पहिल्या दगडापाशी बसू नकोस. क्लेटन तिथे बसायचा, कायोटी तिथून चांगल्या दिसतात. तू पुढच्या सपाट दगडावर बस. तिथून शिकार काही होत नाही. पण तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवा सरळ दिसतो.

नॉर्बर्ट : सपाट दगडावर. बरं.

आर्डेल : आणि चष्मा खिशात ठेवत जा.

नॉर्बर्ट : त्याच्याशिवाय मला काही दिसत नाही, आर्डेल.

आर्डेल : तुला दिसायची गरज नाही. तिला दिसला म्हणजे झालं.